रस्त्यावर बुजणाऱ्या घोडीला रपेटीची हिंमत कशी द्यावी?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर जिल्ह्यातल्या उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूंनी मागच्या दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातून आठवीतल्या लेकीसाठी पाच वर्षांची दख्खनी घोडी आणली. उंची 50 इंच, नाव चांदणी. वस्तीवर आणि वावरात पोरगी तिच्यावर बसते, दुडकीनं, म्हणजे हलक्या धावेनं, फिरवते, काही तक्रार नाही. पण फाटकाबाहेर हिप्परग्याच्या तलावाच्या दिशेनं निघालं की थोड्याच अंतरावर मान ताठ होते, फुरफुर सुरू होते, आणि उसाचा ट्रॅक्टर नाहीतर वाऱ्यानं उडणारी पिशवी दिसली की घोडी गर्रकन वळून घराकडे सुटते. पोरगी दोनदा पडली, सुदैवानं लागलं नाही. बाजारातल्या एका जाणकारानं काटेरी लगाम आणि चाबूक सुचवला आहे. घोडी लबाड आहे की भित्री, आणि ठेवावी की विकावी, असं त्यांनी विचारलं आहे.

दादा, नमस्कार.

घोडी भित्री आहे, लबाड नाही, आणि विकायचं कारण मला दिसत नाही. काटेरी लगाम मात्र घरात आणू नका. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी 1965 साली केंद्रानं केलेल्या नियमांत काटे किंवा टोकं असलेल्या लगामाला मनाई आहे. तो नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. घोडीला ट्रॅक्टर दिसतो आणि त्याच क्षणी तोंडात काटा रुततो, की तिच्या डोक्यात या दोन गोष्टींची गाठ बसते: ट्रॅक्टर आला की दुखतं. मग पुढच्या खेपेला ती आणखी लांबूनच पळायला बघते. चाबकाचंही तेच. मारून पुढे गेलेली घोडी त्या दिवशी पुढे जाते, पण ट्रॅक्टरची भीती तिच्या मनात दुप्पट होऊन बसलेली असते.

लबाडी आणि भीती यांतला फरक तुमच्याच वर्णनात आहे. कामाचा कंटाळा असलेलं घोडं वावरातही अडतं, टाच लावली की शेपूट फटकारतं, कान मागे पाडतं. चांदणी घरी मन लावून काम करते आणि बाहेर फुरफुरते. फाटकातून बाहेर पडताच तिची लीद पातळ होते का, तेवढं बघून ठेवा. होत असेल तर भीतीबद्दल शंकाच उरत नाही.

आता सगळ्या उत्तराचा गाभा. बाहेर कुठवर जायचं हे तुम्ही किंवा तुमच्या लेकीनं ठरवायचं नाही, चांदणीनं ठरवायचं. ती घाबरून वळायच्या आत, अजून निवांत असतानाच, आपण होऊन तिला परत फिरवायचं. आज ती फाटकापासून वीस पावलं शांत राहिली तर आजची रपेट पंधरा पावलांची. ऐकायला हे फारच थोडं वाटतं, आणि घोडेवाले लोक हसतीलही. पण आजवर दर खेपेला चांदणी घाबरली, वळली, पळाली आणि घरी पोचल्यावर तिला बरं वाटलं. बाहेर जीवावर बेततं आणि पळालं की सुटका होते, असा धडा तिनं पुनःपुन्हा गिरवला आहे. तो पुसायचा तर तिला बाहेर उभं राहून बरं वाटलं पाहिजे, रोज थोडं थोडं.

त्याआधी तिचं अंग तपासा, कारण दुखणं असलेली घोडी जास्त बुजते. दचकून आखडलं की दुखरी जागा आणखी दुखते, म्हणून ती आधीच धास्तावलेली असते. खोगीर उतरवल्यावर मणक्याच्या दोन्ही अंगांना चार बोटं सोडून, आयाळ संपते तिथपासून कमरेपर्यंत बोटांच्या पेरांनी सारख्या दाबानं चाचपत जा. कातडी थरथरली, पाठ खाली दबली किंवा तिनं वळून तुमच्याकडे पाहिलं, तर त्या जागी काहीतरी आहे. मग खोगीर गादीशिवाय नुसतं पाठीवर ठेवा. पुढच्या कमानीखाली, खांद्यांमधल्या उंचवट्यावर, दोन-तीन बोटं जागा मोकळी हवी आणि मागून वाकून पाहिलं तर मधल्या पोकळीतून आरपार उजेड दिसायला हवा. बाजारात घोडीबरोबर मिळालेलं खोगीर पुष्कळदा भलत्याच घोड्याच्या मापाचं असतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, बसतो तिथली कातडी सोलवटलेली नाही ना, हेही बघा.

दात तर तपासाच. घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. म्हणजे चांदणीचं तोंड आत्ता कुठे स्थिरावतंय. दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला घासतात. काही घोड्यांना दाढेच्या पुढे एक छोटा जास्तीचा दात असतो आणि लगामाची कडी नेमकी त्यावर आपटते. पशुवैद्यकांकडून तोंड उघडून नीट बघून घ्या, गरज असेल तर दाढा घासून घ्या. त्याच भेटीत डोळेही दाखवा. एका डोळ्यानं अंधुक दिसत असेल तर घोडी त्याच बाजूला जास्त बुजते. चांदणी डावीकडे जास्त दचकते की उजवीकडे, हे लेकीला विचारा. तिला नक्की माहीत असेल.

चंदीबद्दलही, म्हणजे दाण्याच्या खुराकाबद्दलही, सांगतो. नवं घोडं आणलं की कौतुकानं हरभरा आणि भरडा वाढत जातो, काम मात्र तेवढंच राहतं, आणि ती सगळी शक्ती उड्यांत निघते. या उंचीच्या तट्टाला हलक्या कामासाठी चांगली वैरण बहुतेक पुरते: वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, दिवसभरात विभागून. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं चालू असो नसो. रिकाम्या पोटी दुडकीला लावलं की ते वर उसळतं आणि जनावर चिडचिडं होतं. म्हणून बाहेर पडायच्या अर्धा तास आधी तिला वाळलं गवत किंवा कडब्याची कुट्टी निवांत चघळू द्या. वाळलेला मालदांडी ज्वारीचा कडबा गवतात मिसळून चालेल. कोवळी हिरवी ज्वारी, त्यातही पाण्याचा ताण पडलेली, अजिबात घालू नका. किराळ लागून, म्हणजे तिच्यातल्या विषानं, जनावर जातं, हे तुम्हाला गाईम्हशींवरून माहीत असेलच.

आणि ती दावणीला दिवसभर बांधलेली असते का? बांधलेलं घोडं मनातल्या मनात पळत असतं. रोज काही तास कुंपणाच्या आत मोकळी सोडा, आणि नजरेच्या टप्प्यात दुसरं जनावर असू द्या. घोडा नसेल तर शेळी, म्हैस चालते. घोडा कळपातला प्राणी आहे. एकट्या घोडीला पहारा स्वतःच द्यावा लागतो आणि ती झोपही नीट काढत नाही.

तिला जग कसं दिसतं हे लेकीला समजावून सांगा, म्हणजे तिचा राग आपोआप कमी होईल. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं एकाच वेळी दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं. लांबची वस्तू नीट बघायला तो मान वर करतो, जमिनीवरची बघायला खाली करतो. पोरगी घाबरून लगाम आखडते तेव्हा चांदणीला ती पिशवी नीट बघताच येत नाही, आणि न दिसलेली गोष्ट घोड्याच्या लेखी वाघच असते. उन्हातून सावलीत शिरताना तिच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून कडुलिंबाच्या दाट सावलीशी किंवा पुलाखालच्या अंधाराशी ती थबकते. तिथे थांबू द्या, ढकलू नका. वारा सुटलेल्या दिवशी सगळीच घोडी जास्त बुजतात. कान कुठेही वळवले तरी आवाज नेमका कुठून येतोय हे त्यांना उमगत नाही. आपल्या माळावर वारा अडवायला काहीच नसतं, म्हणून सुरुवातीचे दिवस सकाळची शांत वेळच धरा.

भीती वळण्याच्या क्षणी सुरू होत नाही, तिच्या खुणा बऱ्याच आधी दिसू लागतात. पहिल्यांदा चालीचा ठेका बदलतो, पावलं आखूड पडतात. मग दोन्ही कान एकाच दिशेला रोवले जातात. नाकपुड्या रुंदावतात, हनुवटी गोळा होऊन घट्ट होते, वरच्या पापणीवर तिरपी सुरकुती उठते. मान उंचावते, आणि खोगिरावर बसलेल्याला पाठ टणक झालेली जाणवते. यानंतरची पायरी फुरफुरणं, आणि त्यानंतरची वळणं. तुम्ही मला फक्त शेवटच्या पायऱ्या लिहून पाठवल्या आहेत. पावलं आखूड झाली, तिथेच थांबायला शिका. खात्री करायची असेल तर जबड्याच्या हाडाखालून जाणारी नाडी बोटानं शोधा. पंधरा सेकंद मोजा आणि चारानं गुणा. निवांत मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते, तट्टांची किंचित जास्त. घरी दावणीवर मोजा, मग फाटकात उभं राहून मोजा. घोडी बाहेरून शांत दिसत असतानाही तो आकडा खूप चढलेला सापडला, तर पुढे जायची ती वेळ नाही.

आता घरचा सराव. सोलापुरात यासाठी काही विकत आणायची गरज नाही. घरात जुनी चादर असेलच. घोडीला मोरखी (कडीशिवायची तोंडावरची दोरी) आणि दहा-बारा हाताची बागडोर (धरून चालवायची लांब दोरी) लावून वावरात उभी करा, तोंडात कडी नको. चादर घडी घालून तुमच्या हातात, तिच्यापासून इतकी लांब की ती बघेल पण पाय हलवणार नाही. एक पाऊल तिच्याकडे टाका आणि ती हलायच्या आत मागे फिरा. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. चादर आपल्यापासून लांब जाते हे पाहिलं की तिचं कुतूहल जागं होतं. थोड्या वेळानं मान खाली येईल, जीभ फिरवून तोंड चघळल्यासारखं करेल, नाकातून लांब श्वास सोडेल. लगेच चादर खाली टाका आणि तिच्या आयाळीच्या शेवटी, खांद्यांमधल्या उंचवट्यावर, बोटांनी चांगलं खाजवा. घोडी एकमेकांना दातांनी नेमकं तिथेच खाजवतात आणि त्यानं त्यांच्या हृदयाचे ठोके खाली येतात. म्हणून गळ्यावर थोपटण्यापेक्षा हे बक्षीस तिला जास्त कळतं.

त्या दिवशी तेवढंच. पुढे मग चादरीचा वास घेणं, खांद्याला चादर लागणं, पाठीवरून ओढत नेणं, आणि शेवटी जमिनीवर अंथरलेल्या चादरीवरून चालत जाणं. हे सगळं दोन्ही अंगांनी करायचं. डाव्या बाजूनं पटलेली गोष्ट उजव्या बाजूनं तिला पुन्हा नवी वाटते. चादर झाली की बारदान, मग खताची रिकामी प्लॅस्टिकची गोणी, मग छत्री. घाई एवढीच नको की ती सुन्न होऊन उभी राहील. दोरीनं जखडून अंगावर पिशव्या नाचवल्या तर घोडी काही वेळानं हलायची थांबते आणि लोक म्हणतात, बघा शिकली. ती शिकलेली नसते, तिनं फक्त आशा सोडलेली असते. पुढे कधीतरी मोकळ्या रानात ती भीती एकदम उसळून वर येते, आणि तेव्हा पाठीवर तुमची लेक असेल.

ट्रॅक्टरसाठी माझी आवडती पद्धत सांगतो. तुमचा किंवा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर वावरात बंद उभा करा आणि त्याच्या आसपास तिला चरू द्या. मग इंजिन चालू, ट्रॅक्टर जागेवर, घोडी लांब. हे पटलं की चालवणाऱ्याला सांगा, सावकाश पुढे चालव, आणि तुम्ही घोडी घेऊन अंतर ठेवून त्याच्या मागे चाला. आपल्याकडे येणाऱ्या गोष्टीपासून घोडा पळतो, पण आपल्यापासून दूर जाणाऱ्या गोष्टीमागे जाताना त्याचे कान पुढे होतात. काही पावलांनी ट्रॅक्टर थांबवा, तिला त्याला गाठू द्या, मागच्या चाकाचा वास घेऊ द्या. तिच्या हिशेबानं तिनं त्या राक्षसाला पळवून लावलं. याच रीतीनं मोटारसायकल आणि बैलगाडीही करून घ्या. समोरून येणारं वाहन सगळ्यात शेवटी, तेही आधी थांबलेलं.

मग फाटकाबाहेर पडा, पण पायी, बागडोरीनं. पायात जाड बूट, दोरी हाताला गुंडाळायची नाही, घडी करून धरायची. तुमची जागा तिच्या खांद्याशी, आणि भीती वाटेल ती वस्तू ज्या बाजूला असेल त्या बाजूला तुम्ही. घोडी वस्तूपासून दूर उडी मारते, म्हणजे तुमच्या अंगावर येणार नाही. ती थबकली की तुम्हीही थांबा, दोरी सैल सोडा आणि तिच्याबरोबर त्या गोष्टीकडे बघा. ओढाताण झाली की तिचं वजन जिंकतं आणि तिला ते कायमचं कळतं. तिनं बघून श्वास सोडला की स्वतःहून एक पाऊल पुढे येते. ते पाऊल सोन्याचं आहे. तिथेच खाजवा, आणि हवं तर तिथूनच परत फिरा.

एक गोष्ट उलटी करून बघा. वावरातलं वळणं-फिरणं, दुडकी, सगळी मेहनत घरी करून घ्या आणि बाहेर नेऊन बांधावरचं गवत चरू द्या. घर म्हणजे काम आणि बाहेर म्हणजे आराम, असं काही आठवडे चाललं की फाटक उघडताना तिची चाल बदलते. परतताना मात्र ती लगबगीनं घराकडे ओढू लागली तर दर काही पावलांवर थांबवा, उभी करा, मग चला. घरी पोचताच लगेच चंदीची पाटी पुढे करू नका. आधी खरारा करून अंग साफ, पाणी, थोडा वेळ, मग चंदी. नाहीतर पाटीच तिला ओढून आणते.

ती गर्रकन वळते त्याबद्दल. डावीकडून वळली तर पूर्ण चक्कर देऊन पुन्हा रस्त्याला लावू नका. उजवीकडूनच उलट वळवून जिथे होती तिथे आणा, म्हणजे तिचं वळणं फुकट जातं. तोंड पुन्हा रस्त्याकडे झालं की उभी राहू द्या. पुढे जायचा आग्रह त्या क्षणी नको. हे आधी पायी पक्कं करा, मग वावरात बसून, आणि मगच बाहेर बसून.

सोबतीला दुसरा घोडा मिळाला तर निम्मं काम झालं. वरातीला जाणारा एखादा म्हातारा, जाणता घोडा शोधा. बँड, फटाके, डॉल्बी, गर्दी सगळं पचवून बसलेला असतो. सोलापुरात असे घोडे ठेवणारी कुटुंबं आहेत, तासाभरासाठी मालक घेऊन येईल. सुरुवातीला चांदणी त्याच्या शेपटीमागे दोन घोड्यांचं अंतर सोडून, मग शेजारी शेजारी, वाहनांपासून लांबच्या, रस्त्याच्या कडेच्या बाजूला. मग चार पावलं पुढे, आणि लगेच तो पुढे. जाणत्यानं तिला सोडून दुडकीनं पुढे निघून जाऊ नये, नाहीतर मागे राहिल्याच्या घबराटीत ती उधळेल. घोडा नाहीच मिळाला तर ओळखीचा माणूस सायकल हातात घेऊन पुढे चालला तरी तिला आधार वाटतो.

आपलं दख्खनी तट्टू मुळात घाबरट नसतं. भीमथडी म्हणून त्याची आता देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळाबरोबर, हीच घोडी बिऱ्हाड लादून घाट-रस्ते तुडवतात, वर कोंबड्या आणि कधी तान्ही पोरंही असतात. शिंगरू आईच्या अंगाला लागून मोकळं चालतं, आई ट्रकला दचकत नाही म्हणून तेही दचकत नाही. चांदणीला ते शिक्षण मिळालेलं दिसत नाही. बहुधा ती कुठल्या तरी गोठ्यात एकटी वाढली असेल. खुडूस, ठाकुरबुवा, वाखरीच्या रिंगणात माउलींचे अश्व लाखभर माणसांतून धावतात, ते आपल्या जिल्ह्यात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते अश्व दिंडीबरोबर टाळमृदंगात दिवसचे दिवस चालत आलेले असतात. हे सांगतो ते उमेद वाटावी म्हणून. हौसेनं चांदणीला वारीच्या गर्दीत नेऊ नका.

लेकीनं बाहेर पुन्हा बसायची वेळ येईल तेव्हा डोक्याला चांगलं हेल्मेट, हनुवटीखालचा पट्टा लावलेला. पायात टाचेचा बूट, आणि रिकिबीतून पाऊल सहज सुटेल इतकी ती रुंद. पाय अडकून फरफटत जाणं हा पडण्यापेक्षा मोठा धोका आहे. घोडीच्या गळ्यात एक साधा चामडी पट्टा किंवा नाडा बांधा. ती दचकली की पोरीनं लगाम न खेचता त्या पट्ट्याला धरायचं. यानं दोघींचाही जीव वाचतो: मांड सुटत नाही आणि तोंडाला हिसका बसत नाही. भीतीच्या वस्तूकडे टक लावून बघायचं नाही, तिच्या पलीकडे रस्त्यावर नजर ठेवायची. घोडीचं नाक किंचित वस्तूपासून दूर वळवून, आतल्या, म्हणजे नाक वळलं त्या बाजूच्या, पायानं तिला सरळ चालतं ठेवायचं. गुडघे आवळायचे नाहीत. आणि तिला गुणगुणायला सांगा, एखादा अभंग, शाळेतली कविता, काहीही. माणूस गुणगुणताना श्वास रोखू शकत नाही, आणि पाठीवरच्या माणसाचा रोखलेला श्वास घोडीला ताबडतोब कळतो. पहिल्या काही रपेटींना तुम्ही शेजारून बागडोर सैल धरून चाला. लेकीला स्वतःला भीती बसली असेल तर आधी चांदणीवर हलक्या अंगाचा सरावलेला स्वार बसवा आणि लेकीला शेजारून चालू द्या. पडलेल्या पोराला लगेच परत बसवायचा हट्ट मला पटत नाही. वजनाचंही बघा: खोगीर धरून स्वाराचं वजन घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं.

जागा आणि वेळ. तुळजापूरकडे जाणारा धुळे महामार्ग तुमच्या नकाशातून पुसून टाका, घोडी कितीही सुधारली तरी. पाणंद, गाडीवाट, बांधालगतचा मुरमाड रस्ता हेच बरं. पावसात काळी जमीन पाय धरते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, दोन्हीत बुजलेली घोडी पाय मुरगाळते. गळीत हंगाम चालू असेपर्यंत दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून जाणार. त्यांची ये-जा कोणत्या वेळी कमी असते ते गावात विचारून घ्या. आलाच तर वेळीच वावरात उतरा, तोंड त्याच्याकडे करून उभी राहू द्या, आणि चालकाला हात दाखवून आवाज कमी करायला सांगा. बहुतेक जण करतात. नंतर हात जोडायला विसरू नका, तो माणूस रोज त्याच रस्त्यानं जाणार आहे. संक्रांतीला सोलापूरच्या गड्डा यात्रेचं शोभेचं दारूकाम, दिवाळी, गणपतीतली डॉल्बी, या दिवसांत रपेटच नको. उन्हाळ्यात सकाळी लवकर आटपा. मघाशी सांगितलेल्या त्याच नियमांत 37 अंशांवर पारा असेल तर दुपारी 12 ते 3 जनावराला कामाला लावायला मनाई आहे, आणि आपल्याकडे मार्चपासूनच पारा त्यापुढे जायला लागतो.

कुत्रं भुंकत आलं तर पळायचं नाही. घोडी वळवून कुत्र्यासमोर तोंड करायचं आणि मोठ्यानं हाकलायचं. मागून भुंकणारं कुत्रं तिला दिसत नाही, समोरचं दिसतं.

कधीतरी ती पुन्हा पळेल, ते धरूनच चाला. सावरल्यावर घरी धावत आणू नका आणि त्याच वस्तूशी पुन्हा झुंजवूही नका. ज्या जागी ती शेवटची शांत होती तिथवर मागे या, उभी करा, श्वास येऊ द्या, खाजवा, मग घरी. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं अलीकडेच थांबा. पावसामुळे काही दिवस खंड पडला तरीही दोन पायऱ्या खालून सुरुवात करा. घोड्याची स्मरणशक्ती दांडगी असते, चांगल्या आठवणीही तितक्याच टिकतात. पण ती पुढचे पाय उचलून उभी राहायला लागली, किंवा समोर विहीर आहे की कुंपण हे न बघता उधळायला लागली, तर पोरीला बसवायचं तत्काळ बंद करा आणि जाणत्या माणसाच्या हाती द्या. गुंगीची औषधं देऊन रस्त्यावर नेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाय अडखळतात, आणि गुंगीत भीती तशीच राहते.

किती दिवस लागतील ते विचारू नका, कुणी आकडा सांगितला तर विश्वासही ठेवू नका. सुधारणा कळते ती लहान गोष्टींतून. फाटकाबाहेर लीद घट्ट पडू लागते. बाहेर उभी असताना ती एक मागचा पाय सैल सोडते, बांधावरचं गवत उपटून खाते. घाबरलेलं घोडं खात नाही. तलावापर्यंत जायचा बेत तूर्त मनातून काढा. हिवाळ्यात तिथे काठावरून पाखरांचा थवा एकदम उठतो, ते फार पुढचं आहे. आधी पाठ, दात आणि खोगीर बघून घ्या. खोगिराचे दोन फोटो, एक बाजूनं आणि एक मागून, गादीशिवाय काढून पाठवा, आणि पशुवैद्यकांनी दातांबद्दल काय सांगितलं ते लिहा. कडी बदलायची की कडीशिवायच्या लगामानं चालेल, हे मी त्यावरून सांगेन.